त्वग्विकार आणि ‘ड’ जीवनसत्त्व : प्रश्न मात्रेचा

सोरायसिस, श्वित्र, जुनाट इसब अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या अनेक रुग्णांजवळ आज ६०,००० एककांच्या ‘ड’ जीवनसत्त्वाच्या पुड्या किंवा कॅप्सूल आढळतात. आपल्या कल्पांशी या द्रव्याचा संबंध कोठे येतो, हे वैद्य व औषधविक्रेते या दोघांनीही जाणून घेणे अगत्याचे आहे.

त्वचेशी नाते

सूर्यप्रकाशातील अतिनील-ब किरणांमुळे हे जीवनसत्त्व त्वचेतच निर्माण होते. पुढे यकृत व वृक्क यांत त्यास कार्यकारी रूप प्राप्त होते. त्वचेच्या पेशींची अतिरिक्त वाढ ते रोखते. म्हणूनच सोरायसिसमध्ये कॅल्सिपोट्रिऑल हे त्याचे सधर्मी द्रव्य मलमरूपाने उपयुक्त ठरले. प्रौढांत त्याचे प्रमाण आठवड्यास १०० ग्रॅमपेक्षा अधिक नसावे. सॅलिसिलिक आम्लासोबत ते निष्क्रिय होते, हेही ध्यानात असावे.

पोटातून घेण्याचा लाभ मात्र मुख्यतः कमतरता असलेल्यांनाच होतो. केवळ त्वचेच्या कांतीसाठी मोठी मात्रा देण्यास आधार नाही.

धोका कोठे?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांची दैनंदिन गरज ६०० एकके असून सुरक्षित कमाल मर्यादा ४,००० एकके आहे. आठवड्यातून एकदा घ्यावयाची ६०,००० एककांची पुडी रुग्णाने चुकून रोज घेतली, तर ती या मर्यादेच्या पंधरा पट होते. हे द्रव्य मेदात साठत असल्याने औषध थांबविल्यावरही दुष्परिणाम दीर्घकाळ टिकतात.

दुसरा धोका आपल्याच औषधपेटीत आहे. शंखभस्म, कपर्दिकाभस्म, प्रवाळपिष्टी व मुक्तापिष्टी हे कॅल्शियम कार्बोनेटप्रधान, तर गोदंतीभस्म कॅल्शियम सल्फेटप्रधान कल्प होत. ‘ड’ जीवनसत्त्व आतड्यातील कॅल्शियमचे शोषण वाढविते. मोठ्या मात्रेसोबत हे कल्प दीर्घकाळ चालू राहिल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून अतितृष्णा, बहुमूत्रता, हृल्लास, मलावरोध, दौर्बल्य व बुद्धिसंभ्रम उत्पन्न होतात. वृक्कासही इजा पोहोचते. अशा रुग्णात प्रमेह वा अग्निमांद्य असे निदान निश्चित करण्यापूर्वी रक्तातील कॅल्शियम अवश्य तपासावे.

व्यवहारातील दक्षता

१. रुग्ण घेत असलेल्या सर्व औषधांची, विशेषतः कॅल्शियमच्या गोळ्यांची, नोंद करावी.

२. मूतखडा, वृक्कविकार, क्षयरोग किंवा सार्कॉइडोसिस असल्यास, तसेच डिगॉक्सिन वा थायाझाइड मूत्रल चालू असल्यास, तज्ज्ञांच्या सल्ल्याविना मोठी मात्रा देऊ नये.

३. बाकुचीनंतरचे सूर्यसेवन हा निराळा उपचार आहे. तेथे सोरालेन व अतिनील-अ किरण यांचे कार्य असते. ‘ड’ जीवनसत्त्वासाठी म्हणून ऊन वाढविल्यास दाह व फोड येतात.

४. औषधविक्रेत्यांनी पाकिटावर ‘आठवड्यातून एकदा’ असे ठळक मराठीत लिहावे, वार नेमून द्यावा आणि नव्या चिठ्ठीविना पुन्हा पाकीट देऊ नये.

मात्रेचा विचार हा आपल्या शास्त्राचा पाया आहे. रुग्णाने बाहेरून आणलेल्या औषधासही तोच नियम लावला, तर टाळता येण्याजोगी हानी निश्चितच टळेल.