कोणत्या संस्थानाचें ताट कोणतें?

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत एकंदर ५० संस्थानें आहेत. प्रत्येकाचा ध्वज, फूल व पक्षी जसा ठरलेला आहे, त्याप्रमाणें अमुक संस्थानाची ओळख अमुक पदार्थानें व्हावी असाहि आग्रह तेथें दिसून येतो. आणि कित्येक कायदेमंडळांनीं तर रीतसर ठराव करून आपापले पदार्थ नेमून टाकिले आहेत. वरवर पाहतां हा विषय जिभेचे चोचले पुरविणारांचा वाटेल; परंतु थोडें खोलांत गेल्यास या वादाचें मूळ स्वयंपाकघरांत नसून शेतांत आहे, हें वाचकांच्या ध्यानांत येईल. म्हणूनच त्याचा परामर्श घेण्याचें आम्ही योजिलें आहे.

या ठरावांच्या तऱ्हा मोठ्या मनोरंजक आहेत. ओक्लाहोमास १९८८ सालीं एका पदार्थावर भागेना, तेव्हां त्यानें सबंध ताटच वाढिलें: तळलेली भेंडी, मक्याचा पाव, चवळी, डुकराचें भाजलेलें मांस, स्ट्रॉबेरी इत्यादि. मेन संस्थानांत २०११ सालीं तंटा लागला तो रानटी ब्ल्यूबेरीचा ‘पाय’ आणि मधें गोड लेप घातलेल्या केकची जोडी, जिला तेथें ‘व्हूपी पाय’ म्हणतात, या दोहोंमध्यें. (‘पाय’ म्हणजे पिठाच्या पारींत फळें अगर सारण भरून भट्टींत भाजलेलें पक्वान्न.) अखेर पहिल्यास ‘मिष्टान्न’ व दुसऱ्यास ‘खाऊ’ अशी पदवी देऊन दोन्ही पक्षांचें समाधान करण्यांत आलें. व्हरमाँटनें १९९९ सालीं सफरचंदाच्या ‘पाय’ला मान दिला, आणि तो वाढतांना सोबत थंड दुधाचा पेला, निदान अर्धा औंस चेडर चीज अगर आइस्क्रीमचा मोठा गोळा देण्याचा प्रामाणिक प्रयत्न व्हावा, असेंहि कायद्यांत नमूद केलें. फळबागवाला व दुभत्याचा धंदा करणारा, अशा दोघांचीहि सोय एका कलमांत झाली!

टेक्ससनें १९७७ सालीं ‘चिली’, म्हणजे मांस व लाल मिरची यांचें झणझणीत कालवण, आपला पदार्थ म्हणून जाहीर केलें. तथापि धुरावर मंद भाजलेलें गोमांस हेंच टेक्ससचें खरें अन्न, असें म्हणणारांचा पक्ष आजहि हार मानीत नाहीं. चवीचा वाद चवीनें मिटावयाचा नाहीं. म्हणून आम्ही निराळी कसोटी सुचवितों: त्या भूमींतील पीक व तें पिकविणारा शेतकरी वजा केला, तर पदार्थ उरतो काय? उरत असल्यास तो त्या संस्थानाचा पाहुणा समजावा, घरधनी नव्हे.

या कसोटीस न्यू मेक्सिको उत्तम उतरतें. तेथें खाणावळींत ‘लाल कीं हिरवी?’ असा प्रश्न विचारतात, तो मिरचीच्या रश्श्यासंबंधीं होय. आणि सरकारनें तो संस्थानाचा अधिकृत प्रश्न म्हणून मान्य केला आहे. मिरची व पिंटो जातीचा घेवडा यांस तर १९६५ सालींच संस्थानाची भाजी ठरविण्यांत आलें. परंतु या कीर्तीचा पाया घातला तो फाबियन गार्सिया यांनीं. मेक्सिकोंत जन्मलेले हे गृहस्थ न्यू मेक्सिकोच्या कृषि महाविद्यालयांत शिकले व तेथेंच फळबागशास्त्रज्ञ झाले. तिखटपणा बेताचा आणि फळ एकसारखें असावें, या हेतूनें अनेक वर्षें निवड करून त्यांनीं १९२१ सालीं ‘न्यू मेक्सिको नंबर ९’ हा वाण बाहेर काढिला. तेथील लांब मिरचीचे आजचे वाण याच कामांतून पुढें आले. असें असूनहि १९९२ सालीं जें क्षेत्र सुमारें ३४,५०० एकर होतें, तें आतां त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आंत आलें आहे. तोडणीस मजूर मिळेना आणि परदेशी माल स्वस्त, हीं त्याचीं मुख्य कारणें होत. परका माल न्यू मेक्सिकोच्या नांवावर खपूं नये म्हणून २०११ सालीं कायदा करावा लागला.

याच्या उलट उदाहरण फ्लोरिडाचें. तेथील ‘की लाइम पाय’ जगप्रसिद्ध आहे. फ्लोरिडाच्या दक्षिण टोंकाच्या लहान बेटांस ‘की’ म्हणतात, आणि तेथील लिंबू म्हणजे आपलेंच कागदी लिंबू होय. बेटांवर ताजें दूध दुर्मिळ, म्हणून या पक्वान्नांत डब्यांतील आटविलेलें दूध घालण्याची रीत पडली. पुढें १९२६ च्या वादळानें तेथील बागा उध्वस्त केल्या, व बागवानांनीं त्यांच्या जागीं मोठें, बिनबियांचें ताहिती लिंबू लाविलें. २००६ सालीं कायदेमंडळानें या ‘पाय’चा गौरव केला, तेव्हां त्या बागा नाहींशा होऊन ऐशीं वर्षें लोटलीं होतीं, आणि तेथें विकलीं जाणारीं कागदी लिंबें आज बहुतांशीं मेक्सिकोंतून येतात. मग २०२२ सालीं स्ट्रॉबेरीच्या केकास फ्लोरिडाचें मिष्टान्न हा मान मिळाला, यांत नवल काय? स्ट्रॉबेरी पिकविणारा शेतकरी तेथें हयात आहे.

कसोटी लावितांना एक गोष्ट मात्र विसरतां कामा नये: पीक कोणाच्या मालकीचें होतें एवढेंच न पाहतां तें कोणीं आणिलें व कोणीं राबून पिकविलें, हेंहि पाहिलें पाहिजे. लुइझियानानें २००४ सालीं मान दिलेला ‘गंबो’ हा दाट रस्सा भाताबरोबर खातात. त्याचें नांव आफ्रिकेंतील भाषांमधल्या भेंडीवाचक शब्दावरून आलें आहे. आणि ती भेंडी तेथें आली ती गुलाम करून नेलेल्या आफ्रिकन लोकांबरोबर. त्यांत घालावयाची ससाफ्रास झाडाच्या पानांची पूड ही चॉक्टॉ या मूळ रहिवाशांची देणगी. ज्यांना जमिनीचा तुकडाहि मिळाला नाहीं, त्यांची स्मृति या रश्श्यांत राहिली आहे.

शेवटीं विस्कॉन्सिन. एके काळीं हा गव्हाचा मुलूख. जमीन थकली, कीड व तांबेरा वाढला, तेव्हां शेतकरी गाईंकडे वळले. १८७२ सालीं त्यांनीं दुग्धव्यवसायाचा संघ स्थापिला. १८९० सालीं तेथील विद्यापीठांत स्टीफन बॅबकॉक यांनीं दुधांतील स्निग्धांश मोजण्याची सोपी रीत शोधिली, आणि पाणी घालणाराची सद्दी संपली. कायद्याचाहि आधार घेण्यांत आला: लोण्यासारखा रंग दिलेल्या मार्गारीनवर १८९५ पासून १९६७ पर्यंत बंदी होती, आणि १९३५ पासून १९३७ पर्यंत तर खाणावळीनें जेवणासोबत थोडें चीज व लोणी वाढलेंच पाहिजे, असा नियम होता. सक्तीचें चीज दोन वर्षांत ताटांतून गेलें. संघ व शुद्ध मापन यांनीं मिळविलेली कीर्ति मात्र आजहि कायम आहे.

तात्पर्य, ठरावानें पदार्थास नांव मिळतें, पण तें टिकतें शेतकऱ्याच्या जिवावर. आपल्याकडे जळगांवच्या भरिताच्या वांग्यास व मंगळवेढ्याच्या ज्वारीस भौगोलिक मानांकन लाभलें आहे, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु वाण शुद्ध राखणें, मालाची प्रत सांभाळणें आणि पिकविणारास परवडेल असा भाव मिळवून देणें, हीं कामें संघटित शेतकऱ्यांनींच केलीं पाहिजेत. अन्यथा नांव आपलें आणि पीक परक्याचें, अशी फ्लोरिडाच्या लिंबाची गति आपल्या पिकांसहि प्राप्त होण्यास उशीर लागणार नाहीं.