आकाशातला चकवा

चकवा रानातच लागतो असे नाही. नंदुरबार १९९८ पर्यंत ज्या धुळे जिल्ह्यात होते, तिथल्या धावपट्टीवर बॉम्बे फ्लाइंग क्लबचे विद्यार्थी छोटी विमाने चालवायला शिकत आले. जुन्या छोट्या विमानात व्हीओआर हे यंत्र जमिनीवरच्या रेडिओ केंद्रावरून दिशा सांगते. त्याच्या लहरी सरळ जातात. डोंगराआड संदेश तुटला, तर तो बिघाड नव्हे. खरी शंका आली, तरी संच खोलण्याआधी अँटेना, केबल, गंजलेले जोड तपासावेत. दोन संच असल्यास एकाच केंद्रावर लावून ताडून पाहावेत. संदेश मिळेनासा झाला, की यंत्रातले निशाण तसे सांगते. थोडी चुकणारी सुई मात्र गुपचूप फसवते. ४ अंशांची चूक १०० किलोमीटरवर विमानाला ७ किलोमीटर भलतीकडे नेते.