विजेरीचा उजेड आणि वेष्टनावरचा आकडा

उसाला पाणी देण्याची पाळी रात्रीची आली, म्हणजे बांधावरून दारे धरीत हिंडणाऱ्या शेतकऱ्याला खोऱ्याइतकीच निकडीची असते ती हातातली बॅटरी. पुढच्या पावलाखाली पाचट आहे की घोणस, याचा निवाडा तिच्या उजेडावरच व्हायचा असतो. अशा वस्तूच्या वेष्टनावर छापलेला आकडा खरा असावा, ही अपेक्षा अवाजवी नव्हे. तथापि आजच्या बाजारात चार-पाचशे रुपयांच्या विजेरीवर ‘1,00,000 ल्युमेन’ असा मजकूर बिनदिक्कत नमूद केलेला आढळतो, आणि घेणाऱ्यापाशी त्याचा पडताळा पाहण्याचे साधन नसते.

ल्युमेन म्हणजे दिव्यातून सर्व दिशांना मिळून बाहेर पडणाऱ्या, मनुष्याच्या नेत्राला जाणवणाऱ्या प्रकाशाचे माप. दोन सेलांच्या जुन्या पितळी बॅटरीतून 20 ल्युमेनच्या आसपास उजेड पडे. आज घरोघरी लागलेला 9 वॅटचा एलईडी दिवा 800 ते 900 ल्युमेन देतो. आता त्या लाखाचा हिशेब मांडून पाहू. अशा विजेरीत बहुधा एकच लिथियमचा सेल असतो, 18 मिलिमीटर जाडीचा आणि 65 मिलिमीटर लांबीचा. तो उत्तम प्रतीचा असला तरी त्यात सुमारे 12 वॅट-तासांहून फारशी अधिक ऊर्जा साठत नाही. एका वॅटमागे 200 ल्युमेन, अशी अत्यंत उदार सवलत एलईडीला दिली, तरी लाख ल्युमेनसाठी 500 वॅट लागतील, म्हणजे तो सेल दीड मिनिटात रिता होईल. आणि तेवढी शक्ती पुरविण्यासाठी त्यातून शंभराहून अधिक अँपिअरचा प्रवाह वाहावा लागेल, जो देणे त्या सेलाच्या कुवतीबाहेरचे आहे. जाहिरातीतील दावा असा विजेरीच्याच पोटातल्या सेलाच्या साक्षीने खोटा ठरतो. त्या सेलावर कित्येकदा ‘9900 एमएएच’ असे लिहिलेले असते, वस्तुतः त्या आकारात 3,500च्या आसपास मजल जाते, ही असत्याची दुसरी पायरी.

उघड असत्यापेक्षा अर्धसत्य ओळखणे अधिक कठीण. भिंग आणि परावर्तक यांत जो प्रकाश गमावला जातो तो न वजावता एलईडीचा कमाल आकडाच कोणी छापतो. पेटवल्यानंतरच्या पहिल्या काही क्षणांचे तेज कोणी सांगतो, जे उष्णता वाढताच ओसरते. आणि सर्वाधिक उजेडाचा आकडा व सर्वांत मंद उजेडावर टिकणारे तास शेजारी छापून, दोन्ही एकदमच मिळतील असा समज कोणी करून देतो. हा शेवटचा प्रकार मला सर्वांत निंद्य वाटतो, कारण त्यात प्रत्येक आकडा सुटा पाहिला तर खरा असतो.

या गोंधळाला शिस्त लावण्यासाठी अमेरिकेत 2009 साली ‘एफएल 1’ हे मानक सिद्ध झाले. त्यानुसार उजेड मोजावयाचा तो पेटवल्यानंतर 30 सेकंद ते 2 मिनिटांच्या अवधीत. टिकण्याचा काळ धरावयाचा तो उजेड मूळच्या 10 टक्क्यांवर येईपर्यंत. आणि झोताचा पल्ला म्हणजे ज्या अंतरावर पाव लक्स, अर्थात निरभ्र पौर्णिमेच्या चांदण्याइतका, उजेड उरतो ते अंतर. या व्याख्या नीट वाचाव्यात. 200 मीटर पल्ल्याची प्रामाणिक विजेरीदेखील 200 मीटरवर चांदणेच पाडते. त्यात झाड ओळखता येईल, साप नव्हे.

आपल्याकडे 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या केली असून, उत्पादकाला 10 लाखांपर्यंत आणि पुन्हा तोच अपराध घडल्यास 50 लाखांपर्यंत दंड करण्याचा अधिकार केंद्रीय प्राधिकरणास दिला आहे. परंतु तक्रार करावयाची, तर तिच्याआधी खात्री हवी. ती घरीच करता येते. रात्री खोली अंधारी करून विजेरीचा झोत छताकडे सोडावा आणि खोलीत पसरलेला उजेड नेहमीच्या 9 वॅटच्या दिव्याशी ताडून पाहावा. लाख ल्युमेन खरे असते, तर अशा शंभराहून अधिक दिव्यांचा लखलखाट पडला असता. विजेरीचा उजेड एका दिव्याच्याही बरोबरीस आला नाही, तर वेष्टन फेकून न देता पावतीसह जपून ठेवावे आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदवावी.