सुशीच्या प्लेटमधला नॉर्वे

फ्रायडे नाइट. लोअर परळमधलं एक छानसं जपानी रेस्तराँ. प्रमोशनची पार्टी आणि आम्ही चौघी. मेन्यूकार्डावर बोट ठेवून एकीने विचारलं, ‘‘सॅमन म्हणजे आपला रावसच ना गं?’’ वेटरने अतिशय नम्रपणे करेक्शन केलं, ‘‘नो मॅडम, इम्पोर्टेड फ्रॉम नॉर्वे.’’

प्रश्न चुकीचा नव्हता. रावसाला इंग्रजीत ‘इंडियन सॅमन’ म्हणतात, पण या दोघांचं नातं आडनावबंधूंपुरतंच. प्लेट आली, गुलाबी-केशरी, पांढऱ्या रेघांची. सवयीप्रमाणे मी फोटो काढला आणि ट्रॉण्डहाइमला राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीला पाठवला. तिकडून स्मायली येईल असं वाटलं होतं. आला तो प्रश्न: ‘‘उवा किती होत्या?’’

ही माझी मैत्रीण मूळची मालवणची. आम्ही मुंबईत एकाच हॉस्टेलवर होतो. ती सॉफ्टवेअरवाली, आणि सध्या तिचं काम म्हणजे सॅमनच्या अंगावरच्या उवा मोजणाऱ्या कॅमेऱ्याला ‘शहाणं’ करणं. नोकरी लागली तेव्हा मालवणहून तिच्या बाबांचा फोन आला होता, ‘‘माशाक उवो? आनी तेंका मोजूचो तुका पगार गावता?’’

हा किस्सा आम्ही कैक वर्षं हसत हसत एकमेकींना सांगितला. मागच्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे गेले आणि हसणं जरा कमी झालं.

दोन भावांचा जुगाड

ट्रॉण्डहाइमहून गाडीने साधारण दोन-अडीच तासांत हित्रा बेटावर पोहोचता येतं. वाटेत समुद्राच्या पोटातून जाणारा बोगदा लागतो, समुद्रसपाटीपासून तब्बल २६४ मीटर खोल. नॉर्वेची सॅमन-क्रांती सुरू झाली ती याच बेटावर. १९७० मध्ये ग्रॉन्टव्हेट आडनावाच्या दोन भावांनी घरीच एक अष्टकोनी तरंगता पिंजरा बनवला आणि त्यात सॅमनची २० हजार पिल्लं सोडली. मासे जगले, वाढले, विकले गेले. बस्स! किनाऱ्यावरच्या गावागावांत पिंजरे तरंगायला लागले.

आज नॉर्वे वर्षाला साधारण १५ लाख टन सॅमन पिकवतो. (हो, ‘पिकवतो’च म्हणायचं!) जगातला जवळपास निम्मा शेतीचा सॅमन त्यांचा. युरोपियन युनियनच्या २७ देशांची सगळी मत्स्यशेती एकत्र केली, तरी ती ११ लाख टनांच्या आसपासच जाते, आणि नॉर्वे त्या युनियनमध्ये नाहीच. २०२४ मध्ये त्यांनी १२० अब्ज क्रोनरहून जास्त किमतीचा सॅमन निर्यात केला. आपल्या हिशोबात नव्वद हजार कोटी रुपयांहून जास्त. लोकसंख्या? जेमतेम ५५ लाख.

आणि सुशी? ‘सॅमन सुशी म्हणजे अस्सल जपानी’ असं तुम्हाला वाटत असेल, तर सॉरी. १९८०च्या दशकापर्यंत जपानी माणूस सॅमन कच्चा खात नसे. पॅसिफिकमधल्या जंगली सॅमनमध्ये परजीवी कृमी सापडायचे. पिंजऱ्यात कोरड्या खाद्यावर वाढलेल्या माशात तो धोका जवळपास नसतो. हे जपान्यांना पटवायला नॉर्वे सरकारने १९८६ मध्ये ‘प्रोजेक्ट जपान’ नावाची खास मोहीम सुरू केली. म्हणजे आपण ज्याला पूर्वेची परंपरा समजून चॉपस्टिकने उचलतो, ते खरं तर एक जबरदस्त यशस्वी मार्केटिंग आहे.

पिंजऱ्यात काय चालतं?

पिंजरे बघायला आम्ही बोटीने गेलो. अंगात फ्लोटेशन सूट, पायात बूट आणि ते जंतुनाशकात बुडवून मगच पुढे. मोठ्या पिंजऱ्याचा व्यास ५० मीटर, म्हणजे ऑलिम्पिक स्विमिंग पूलच्या लांबीएवढा. नियमाने एका पिंजऱ्यात जास्तीत जास्त दोन लाख मासे. शेजारच्या बार्जवरून पाइपांतून खाद्याच्या गोळ्या भुरभुरत येतात. त्या किती सोडायच्या, हे बऱ्याच कंपन्यांत किनाऱ्यावरच्या ऑफिसात बसलेली मुलं ठरवतात. समोर स्क्रीनच स्क्रीन, हातात कॉफीचा मग. थेट आपल्याकडच्या बीपीओची आठवण!

गोळ्यांत काय असतं? १९९० मध्ये जवळजवळ ९० टक्के माल समुद्रातलाच, म्हणजे माशांची पूड आणि तेल. २०२० पर्यंत हे प्रमाण २२ टक्क्यांवर आलं आणि बहुतेक जागा सोयाबीनसारख्या वनस्पतींनी घेतली. मांसाहारी मासा बराचसा शाकाहारी झाला म्हणा ना! आणि तो सुंदर गुलाबी रंग? जंगली सॅमनला तो कोळंबीसारखे छोटे जीव खाऊन मिळतो. पिंजऱ्यातल्याला खाद्यात अ‍ॅस्टॅक्झॅन्थिन मिसळून द्यावा लागतो. नाही दिला तर मांस फिकट, राखाडीसर. मग त्याचे फोटो कोण काढणार?

कौतुकही करायलाच हवं. १९८०च्या दशकात इथे अँटिबायोटिक्सचा मारा व्हायचा. मग लसी आल्या. प्रत्येक छोट्या माशाला इंजेक्शन! १९८७ च्या तुलनेत अँटिबायोटिक्सचा वापर आज सुमारे ९९ टक्क्यांनी कमी आहे, उत्पादन मात्र कैक पटींनी वाढलं आहे.

उवांचं काय?

समुद्री ऊ म्हणजे सॅमनची कातडी खाणारा चिमुकला जीव. खुल्या समुद्रात ती पूर्वीही होतीच. पण लाखो मासे एका जागी कोंडले, की तिच्यासाठी ते बारमाही लग्नाचं जेवण. नॉर्वेचा कायदा कडक आहे. सरासरी एका माशामागे अर्ध्या प्रौढ मादी उवेपेक्षा जास्त नको. वसंतात जंगली पिल्लं समुद्राकडे निघतात, तेव्हा तर ०.२ च.

औषधं दिली, उवा त्यांना सरावल्या. उवा खाणारे ‘सफाई कामगार’ मासे सोडले, तेच मोठ्या संख्येने मरू लागले. मग आली कोमट पाण्याची आंघोळ. सॅमनला क्षणभर ३० अंशांच्या आसपासच्या पाण्यातून काढायचं, उवा गळून पडतात. ३० अंश म्हणजे आपल्या जुहूच्या समुद्राचं पाणी. आपल्याला मस्त वाटेल, पण जो आठ-दहा अंशांत राहतो त्याच्यासाठी हा चटका असतो. मासे धडपडतात, जखमी होतात, काही मरतात.

आकडा सांगते. २०२३ मध्ये नॉर्वेच्या समुद्री पिंजऱ्यांत ६ कोटी २० लाखांहून जास्त सॅमन कापणीआधीच मेले. साधारण सहातला एक! रोग, उवांवरचे उपचार, जखमा, आणि त्या वर्षअखेरीस तर जेलीफिशचीही धाड.

मैत्रीण म्हणाली, ‘‘बाबांची रापण ओढताना काय येईल ते कोणालाच माहीत नसायचं. कधी बांगडा, कधी नुसतं शेवाळ. इथे किती येणार आणि किती मरणार, दोन्ही आधीच एक्सेलमध्ये असतं. मरणाचा कॉलम बघायची सवय होते गं. तीच मला आवडत नाही.’’

ती सॅमन खाते का? ‘‘खाते. पण पार्टी म्हणून नाही.’’

पळपुटे आणि ब्योर्क

कधी वादळात, कधी माणसाच्या चुकीने जाळी फाटते आणि मासे पळतात. २०२५ च्या फेब्रुवारीत उत्तर नॉर्वेतल्या एका पिंजऱ्यातून सुमारे २७ हजार सॅमन निसटले आणि कंपनीने पकडून आणलेल्या प्रत्येक माशामागे ५०० क्रोनर बक्षीस लावलं! ऐकायला धमाल वाटतं. पण पळपुटे नद्यांत शिरून जंगली सॅमनशी संकर करतात. नॉर्वेत तपासलेल्या सुमारे दोन तृतीयांश जंगली सॅमन-समूहांमध्ये शेतीच्या माशांचे जनुक सापडले आहेत. २०२४ च्या उन्हाळ्यात जंगली सॅमन इतके कमी परतले, की सरकारने ऐन सीझनमध्ये ३३ नद्यांतली सॅमनची मासेमारी बंद केली. (त्यात तापणाऱ्या समुद्राचाही वाटा आहे, सगळं पाप पिंजऱ्यांच्या माथी मारणं बरोबर नाही.)

आइसलंडमध्ये तर गायिका ब्योर्क मैदानात उतरली. तिथे २०२३ मध्ये हजारो सॅमन पळाले, तेव्हा तिने रोसालियाबरोबरचं गाणं काढून त्याचं उत्पन्न या लढ्याला दिलं. डेन्मार्कच्या सरकारने २०१९ मध्येच समुद्रातली मत्स्यशेती आणखी वाढवायची नाही, असं जाहीर केलं होतं.

पुढे काय?

२०१२ च्या एका गाजलेल्या अहवालात नॉर्वेला २०५० पर्यंत ५० लाख टनांचं स्वप्न दाखवलं होतं. २०१७ पासून मात्र किनाऱ्याचे १३ विभाग करून ट्रॅफिक सिग्नल लावला आहे. जंगली पिल्लांना उवांचा त्रास कमी असेल तर हिरवा, उत्पादन ६ टक्के वाढवा. पिवळा असेल तर जैसे थे. लाल असेल तर ६ टक्के कापा. २०२३ पासून फियॉर्ड वापरण्याबद्दल २५ टक्क्यांचा खास करही आहे. समुद्र सगळ्यांचा, मग नफ्यात सगळ्यांचा वाटा, हा त्यामागचा विचार.

तंत्रज्ञानाचे घोडे तीन दिशांना धावताहेत. एक, किनाऱ्यापासून लांब: २०१७ मध्ये ११० मीटर व्यासाचा, तेलविहिरीसारखा दिसणारा ‘ओशन फार्म १’ समुद्रात उतरला. दोन, बंद भिंतींचे तरंगते टँक, ज्यांत पाणी खोलातून खेचतात, कारण उवा वरच्या थरात असतात. तीन, चक्क जमिनीवर: उवाही नाहीत आणि पळायला जागाही नाही, पण विजेचं बिल आणि खर्च प्रचंड.

मैत्रिणीच्या बाबांना मी परतल्यावर फोन केला, सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, ‘‘समुद्रात बांगडो कमी झालो हा, ह्यां खरां. म्हणान तेका पिंजऱ्यात घालूक मन होईत काय माझा? म्हायत नाय.’’

मलाही माहीत नाही. २०२२ मध्ये जगात पहिल्यांदाच पकडलेल्या जलचरांपेक्षा पाळलेले जास्त झाले. मागे फिरायचा रस्ता फारसा उरलेला नाही. भारत आणि नॉर्वेसह चार देशांचा व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला आहे, तेव्हा गुलाबी तुकडे आपल्या प्लेटमध्ये येतच राहणार. पुढच्या फ्रायडे नाइटला मी कदाचित पुन्हा सॅमन मागवेन. फक्त फोटो काढण्याआधी एक प्रश्न विचारेन, तिने विचारला तोच.

मेन्यूकार्ड हातात घेताना...

● ‘इंडियन सॅमन’ म्हणजे रावस. ‘सॅमन’चे पैसे देताना नक्की काय मिळतंय, ते विचारा.

● ‘अटलांटिक सॅमन’ लिहिलं असेल, तर तो जवळजवळ नक्कीच पिंजऱ्यातला.

● पाकिटावर ‘एएससी’चा शिक्का असेल, तर ती शेती ठरावीक निकषांवर तपासलेली असते.

● युरोपात गेलात तर मसल्स खाऊन बघा. आपल्या शिनाण्यांचे हे चुलतभाऊ समुद्रात दोरांवर लटकून वाढतात. त्यांना वेगळं खाद्यही घालावं लागत नाही!