बटईने कसलेली रणभूमी

यात्रेकरूंसाठी रिद्धपूर गोविंदप्रभूंचं. मराठीच्या विद्यार्थ्यांसाठी लीळाचरित्राचं, आणि आता मराठी भाषा विद्यापीठाचं. गावातल्या पोट्ट्यांना मात्र संध्याकाळी चौघांचा स्क्वॉड जमला की गाव कोणतंही चालतं. विमानातून खेळातल्या ‘एरंगेल’ बेटावर उडी मारली की मोर्शी तालुका संपला. खेळाचं भारतातलं नाव बीजीएमआय होऊन काही वर्षं झाली, तरी तोंडात पबजीच बसलंय.

हा खेळ नेमका कोणाचा? मालकी दक्षिण कोरियाच्या क्राफ्टनची. मोबाइलवरची बांधणी चीनच्या टेन्सेंटची. आणि या दोघांच्या पायाखाली आहे अमेरिकेतल्या एपिक गेम्सचं अनरिअल इंजिन. त्या एपिकमध्येही टेन्सेंटने २०१२ साली चाळीस टक्के हिस्सा घेतला होता. सातबारा एवढा गुंतागुंतीचा क्वचितच असतो.

इंजिन म्हणजे खेळ नव्हे. नकाशा, बंदुका, हेल्मेट हे सगळं खेळ बनवणाऱ्याचं. पण भिंत आडवी आली की माणूस अडतो, सावली योग्य बाजूला पडते, डावीकडून येणाऱ्याची पावलं डाव्या कानात आधी वाजतात आणि स्वस्तातल्या फोनवरही हे चित्र सेकंदाला तीस-तीस वेळा नव्याने रंगवलं जातं, ही कामं इंजिनाची. टिम स्वीनी यांच्या एपिकने ते १९९८ च्या ‘अनरिअल’ या स्वतःच्याच खेळासाठी बांधलं आणि इतरांनाही वापरायला दिलं. २०१४ मध्ये चौथी आवृत्ती महिना १९ डॉलर आणि उत्पन्नाचा पाच टक्के वाटा अशा अटीवर खुली झाली. वर्षभरात महिन्याचे पैसे माफ झाले, वाटा राहिला. २०२० पासून पहिल्या दहा लाख डॉलरवर काही द्यावं लागत नाही. मोठ्या कंपन्या आपापला वेगळा करार करतात, पण मूळ व्यवहार आपल्या ओळखीचा आहे, बटईचा. जमीन त्याची, मेहनत तुमची, पिकलं तर वाटा.

पण जमिनीच्या मालकाने शेजारच्या वावरात तुमचंच पीक लावलं तर?

२०१७ च्या मार्चमध्ये ब्लूहोल या कोरियन कंपनीने, म्हणजे आजच्या क्राफ्टनने, पबजी संगणकावर आणला. शंभर माणसं एका बेटावर उतरतात, शेवटी एक उरतो. ही कल्पना घेऊन आलेला ब्रेंडन ग्रीन आयर्लंडचा. खेळ वणव्यासारखा पसरला. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला एपिकने ‘फोर्टनाइट’मध्ये शंभर जणांचाच ‘बॅटल रॉयल’ आणला, तोही फुकट. ब्लूहोलने चार दिवस आधीच जाहीर नाराजी व्यक्त केली होती. ब्लूहोलच्या चांगहान किम यांचं म्हणणं साधारण असं होतं की दुसऱ्या कोणी नक्कल केली असती तर एवढं लागलं नसतं, पण हा तर आमचा इंजिनवाला. आमच्या खेळाच्या गरजा, अडचणी याला आतून ठाऊक. जानेवारी २०१८ मध्ये सोलमध्ये एपिकच्या कोरियन शाखेवर स्वामित्वहक्काचा दावा झाला आणि जूनमध्ये तो गुपचूप मागेही घेतला गेला.

इथवर गोष्ट मालकाच्या दगाबाजीची वाटते. मला ती तेवढी सरळ वाटत नाही, कारण पुढच्याच महिन्यात एपिकने इंजिनाची ४.२० ही आवृत्ती काढली.

ऑनलाइन खेळात सर्व्हरला सतत ठरवावं लागतं की कोणत्या खेळाडूला कोणती खबर पाठवायची. एपिकच्याच माहितीनुसार फोर्टनाइटच्या एका सामन्याच्या सुरुवातीला शंभर खेळाडू आणि सुमारे पन्नास हजार वस्तू असतात. दारं, पेट्या, झाडं, गोळ्या. प्रत्येक खेळाडूसाठी प्रत्येक वस्तू तपासायची म्हणजे एका फेरीत पन्नास लाख प्रश्न, आणि अशा फेऱ्या सेकंदाला कितीतरी. सर्व्हर इथेच गुदमरतो आणि आपले पोट्टे ‘लॅग मारून राह्यला’ म्हणून नेटवाल्याला शिव्या देतात. एपिकने उपाय म्हणून ‘रेप्लिकेशन ग्राफ’ बांधला. नकाशाच्या चौकटी पाडायच्या, कोणती वस्तू कोणत्या चौकटीत आहे त्याच्या याद्या आधीच तयार ठेवायच्या आणि खेळाडूला आपल्या आसपासच्या याद्या तेवढ्या द्यायच्या. बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला उघडलेल्या दाराची चौकशी करायचीच नाही. स्वतःच्या खेळासाठी केलेली ही युक्ती, आणि फोर्टनाइट फोनवर चालावा म्हणून केलेल्या शंभराहून अधिक सुधारणा, ४.२० मध्ये सगळ्या परवानाधारकांना मिळाल्या. प्रतिस्पर्ध्यालाही. शिवाय अनरिअलचा मूळ कोड परवानाधारकाला वाचता-बदलता येतो. मालक स्वतः त्याच मातीत राबतो म्हणून विहीर खोल होते, हेही खरंच.

पण मालकाच्या भांडणात कूळही भरडलं जातं. ऑगस्ट २०२० मध्ये अ‍ॅपलच्या कमिशनवरून एपिकचं वाजलं. अ‍ॅपलने फोर्टनाइट आपल्या अ‍ॅप स्टोअरवरून काढून टाकला आणि एपिकची सगळी डेव्हलपर खाती बंद करण्याचा इशारा दिला. तसं झालं असतं तर आयफोनसाठी इंजिन दुरुस्त ठेवणंच अशक्य होतं. मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीलाही आपला अनरिअलवरचा खेळ वाचवायला न्यायालयात निवेदन द्यावं लागलं. २४ ऑगस्टला कॅलिफोर्नियाच्या न्यायाधीश इव्हॉन गोन्झालेझ रॉजर्स यांनी फोर्टनाइटला दिलासा नाकारला, पण इंजिनाला हात लावायला मनाई केली. नवव्या दिवशी, २ सप्टेंबरला, पबजी मोबाइलवर भारतात बंदी आली, ती मात्र दिल्लीच्या आदेशाने. इंजिन वाचलं, खेळ गेला. तो बीजीएमआय होऊन २ जुलै २०२१ ला परतला, वर्षभराने पुन्हा गायब झाला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा आला.

ज्यांच्या फोनला पबजी पेलत नव्हता, ते ‘फ्री फायर’वर होते. फेब्रुवारी २०२२ च्या बंदीत तोही गेला. तो चालतो युनिटी या दुसऱ्या इंजिनावर, आणि युनिटीच्या कुळांचं दुखणं वेगळं आहे. गूगलने ऑगस्ट २०१९ पासून अ‍ॅप ६४-बिटचं असलंच पाहिजे असा नियम केला, तेव्हा युनिटीच्या ५.६ किंवा त्याआधीच्या आवृत्तीवरच्या खेळांना दोन वर्षांची सवलत द्यावी लागली. इंजिनच जुनं, तर खेळ बनवणारा काय करणार? सगळ्याच खेळांचं असं नसतं. पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा ‘राजी’ही अनरिअलवरच बनला, पण तो एकट्याने खेळायचा खेळ. घेतला, खेळला, झालं. ऑनलाइन खेळ असा कधी होऊन जात नाही. फोन बदलले, नियम बदलले की त्याला इंजिनवाल्याच्या दारात जावंच लागतं.

तिथे भावही बदलतो. १२ सप्टेंबर २०२३ ला युनिटीने जाहीर केलं की नव्या वर्षापासून ठरावीक मर्यादेपुढच्या प्रत्येक इन्स्टॉलमागे पैसे घेऊ, आधीच बाजारात असलेल्या खेळांकडूनही. हे पिकातला वाटा मागणं नव्हतं, धुऱ्यावरून आत येणाऱ्या प्रत्येक माणसामागे पैसे मागणं होतं. भारतासारख्या ठिकाणी, जिथे डाउनलोड लाखोंनी आणि खर्च करणारे मूठभर, तिथे हा हिशेब बसणं कठीण. दहा दिवसांत माफी आली, ऑक्टोबरमध्ये प्रमुख जॉन रिचिटिएलो पायउतार झाले, आणि वर्षाने ही फी रद्दच झाली.

मराठीचंही एक काम इंजिनवाल्याच्या हाती आहे, ते कोणी बोलत नाही. युनिटीची नेहमीची अक्षरव्यवस्था देवनागरी नीट जुळवत नाही. तिच्यावर ‘रिद्धपूर’ लिहिलं तर वेलांटी ‘र’च्या आधी येण्याऐवजी नंतर येते, ‘द्ध’ फुटून हलन्त ‘द्’ आणि ‘ध’ वेगळे उभे राहतात. अनरिअलमध्ये हार्फबझ हे अक्षरं जुळवणारं मुक्त सॉफ्टवेअर आधीपासून असल्याने तिथे निभतं. युनिटीच्या या नेहमीच्या व्यवस्थेवर मराठी खेळ करायचा तर बाहेरची जोडणी शोधा, नाहीतर पाट्यांची चित्रं करून चिकटवा.

युनिटीच्या त्या फीला कंटाळून २०२३ मध्ये बरेच जण गोडो या मुक्त इंजिनाकडे वळले. अर्जेंटिनातल्या दोघांनी बनवून २०१४ मध्ये खुलं केलेलं, वाटा नाही की फी नाही. पबजीवाले वळले नाहीत. मार्च २०२५ मध्ये त्यांनी पुढच्या वाटचालीचा आराखडा मांडला, त्यात संगणकावरचा पबजी नव्या इंजिनावर नेण्याचं ठरवलंय. ते इंजिन म्हणजे एपिकचंच अनरिअल, पाचवी आवृत्ती.