मंडईतलं गाणं मोबाईलवर

दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत घुमणारी दंडार ही लोककला ब्रह्मपुरीच्या गायकाला आता घरूनच जगापुढे आणता येते. ध्वनिमुद्रण करताना पंखा बंद करा, फोन ढोलकीपासून चार हात लांब ठेवा. जवळ ठेवला तर थाप फाटते आणि शब्द बुडतात. यूट्यूबवर गाणं थेट चढवता येतं. स्पॉटिफायसाठी मात्र मध्ये वितरक लागतो. तो १२ अक्षर-अंकांचा ‘आयएसआरसी’ क्रमांक मिळवून देतो. ध्वनिमुद्रणाची ओळख त्यावरूनच पटते. काही वितरक वर्गणी थांबली की गाणं काढून टाकतात, तेव्हा करार नीट वाचा. पारंपरिक चाल सगळ्यांची, पण तुम्ही केलेलं ध्वनिमुद्रण तुमचं. जून २०२० मध्ये भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि गावोगावच्या कलावंतांचे जमवलेले श्रोते एका दिवसात तुटले. म्हणून मूळ फाइल स्वतःजवळ जपून ठेवाच.