भिंग काढलेला कॅमेरा

संपादकांनी जुन्या लाकडी कॅमेऱ्यांवर लिहायला सांगितलं होतं. पुण्यातल्या ज्या छायाचित्रकाराकडे गेलो, त्यांनी असल्या कॅमेऱ्याचं भिंगच काढून ठेवलं होतं. त्या जागी कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा आणि त्यात सुईने पाडून पॉलिश पेपरने घासलेलं अर्ध्या मिलिमीटरचं भोक.

इतिहास थोडक्यात उरकतो. भोकातून प्रतिमा कशी पडते हे अकराव्या शतकात इब्न अल-हैथमने तपासलं होतं. हंपीच्या विरूपाक्ष मंदिरातली गोपुराची उलटी सावली आपल्यातल्या अनेकांनी पाहिलेली असते. 1890 मध्ये जॉर्ज डेव्हिसनने इंग्लंडमधल्या मर्सी बेटावर कांद्याच्या शेताचा फोटो अशाच भोकाने, म्हणजे पिनहोलने काढला आणि असल्या धूसरपणाला कला म्हणायचं का, यावर वाद झडला. गंमत म्हणजे हाच डेव्हिसन पुढे ब्रिटनमध्ये कोडॅकचा मॅनेजिंग डायरेक्टर झाला.

मला मात्र खिळवलं ते या कॅमेऱ्याच्या घडीदार भात्याने. भिंग असतं तेव्हा तो फोकसच्या दावणीला बांधलेला. पिनहोलला फोकसच नाही. पायाजवळचं गवत आणि क्षितिजावरचा डोंगर जवळपास सारखेच मऊ. त्यामुळे भाता रचनेसाठी मोकळा सुटतो. 90 मिलिमीटरवर दाबला की अख्खं अंगण मावतं, 300 वर ताणला की त्याच जागेवरून फक्त तुळशीवृंदावन. समोरची पाटी वर सरकवली की वाड्याचा माथा चौकटीत येतो आणि भिंती सरळच राहतात. मागची चौकट तिरकी केली की दृश्य एका बाजूला ताणलं जातं, आणि फोकस बिघडायची धास्ती नाही. समोरची पाटी तिरकी करायचे स्क्रू मात्र बिनकामाचे. ‘ते आता शोभेला,’ ते म्हणाले.

एवढी मुभा, पण जे रचायचं ते दिसतच नाही! काळं कापड डोक्यावर ओढूनही घासलेली काच काळीठिक्कर. यावर त्यांची युक्ती अशी: आधी तीन मिलिमीटरच्या भोकाची पाटी लावायची, फिकट चित्रावरून कडा ठरवायच्या, मग पाटी बदलायची. झाड नेमकं कुठे संपतं ते तरीही अंदाजानेच. शिवाय भाता दाबला की कोपऱ्यांत मध्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाच उजेड पोचतो.

वेळेचं गणितही भात्याबरोबर हलतं. कडक उन्हात 100 आयएसओच्या फिल्मवर 90 ला जेमतेम सव्वा सेकंद, 300 ला चौदा. आणि इतक्या लांबलेल्या वेळेत फिल्म सुस्तावते, म्हणून वर आणखी भर. तेवढ्यात वारा सुटला तर ताणलेला भाता शिडासारखा फुगून थरथरतो. चार बाय पाच इंची फिल्म महाग, म्हणून ते बऱ्याचदा फिल्मच्या जागी फोटोचा कागदच भरतात. तो लाल दिव्याखाली न्हाणीघरात धुता येतो, पण उन्हात त्याला मिनिटं लागतात, आणि पांढऱ्या भिंती तरीही भाजून निघतात.